काळ्या कडांचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. कागद म्हटल्याबरोबर तुम्ही पेन काढाल, म्हणून आधीच सांगतो, माझ्यावर लिहायचं नसतं. मी फोटोचा कागद. काळ्या-पांढऱ्या फोटोचा. आम्हाला ब्रोमाइड म्हणत. आता म्हणायलाही फारसं कोणी उरलं नाही, कारण आम्हाला बनवणं कंपनीनं केव्हाच बंद केलं. माझ्या डब्यातला मी शेवटचा, आणि तोही असा काळतोंड्या. माझ्या चारी कडा डांबर फासल्यासारख्या काळ्या आहेत आणि मधल्या तळहाताएवढ्या जागेत दोन माणसांचे चेहरे आहेत. बघणारे म्हणतात, काय घाण फोटो काढलाय! खरं आहे. पण तो तसा का झाला आणि त्यापायी अंथुर्ण्याच्या एका बाईचं काय झालं, ते आधी ऐकून घ्या. मग खुशाल नावं ठेवा.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका थंड डोंगरावर, कारखान्यात झाला. जन्मलो तोच अंधारात. आमच्या अंगावर चांदीच्या क्षाराचा पातळ लेप असतो आणि त्याला उजेड सोसत नाही. उजेड लागलेला कागद औषधाच्या पाण्यात टाकला की काळा पडतो. त्यातूनच फोटो उमटतो, पण उजेड किती, कुठं आणि किती वेळ, हे जाणत्या माणसानं ठरवायचं असतं. म्हणून आम्हा शंभर भावंडांना एका काळ्या पाकिटात घातलं, पाकिटाचं तोंड दोनदा दुमडलं, ते पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवलं आणि डब्याला चिकटपट्टी लावली. तुम्हाला रोज सकाळी उजेड मिळतो. आम्हाला आयुष्यात एकदाच मिळायचा, तोही काही सेकंद. तो चांगल्या हातून मिळावा, एवढीच आमची आशा.

१९९२ साली आमचा डबा बारामतीत झुंबरशेठच्या दुकानात होता. तिथं इंदापूरचा फोटोग्राफर महिपती कोकरे आला. झुंबरशेठनं डबा त्याच्यापुढं ठेवला आणि सांगितलं, "महिपती, ह्यो शेवटचा. कंपनीनं बंद केलाय माल. परत मागायला येऊ नको, मिळायचा न्हाय."

महिपतीनं एसटीत आख्खा रस्ताभर डबा मांडीवर ठेवला. शेजारच्या बाईनं त्यावर पिशवी टेकवली, तर तिच्याशी भांडला. मला तेव्हा फार बरं वाटलं. वाटलं, पडलो एकदाचे कदर करणाऱ्याच्या हातात.

आणि कदर होतीच हो, खोटं कशाला बोलू? महिपतीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्यानं आपल्या वाट्याची मेंढरं विकून फोटो मोठा करायचं यंत्र, म्हणजे एनलार्जर आणला. त्याचा बाप वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. "जितराब इकून पोरानं आंधारकोठडी घेतली," असं गावभर सांगत हिंडला. पण महिपतीनं त्या अंधारकोठडीतून नाव काढलं. इंदापूरच्या स्टँडजवळ त्याचं दुकान. माणूस बोलायचाच काय तो बाकी राहायचा, असे त्याचे फोटो. लग्न असो, म्हाताऱ्याची तसबीर असो, नोकरीच्या अर्जाला लावायचा फोटो असो, महिपतीच पाहिजे. त्याचा एक नेम होता. फोटो जरा मनाविरुद्ध निघाला की तो तिथल्या तिथं टराटरा फाडायचा. त्याच्या हातचा वाईट फोटो उभ्या तालुक्यात कोणी पाहिला नव्हता.

माझी चाळीसेक भावंडं तशी मार्गी लागली. कोणी भिंतीवर गेलं, कोणी पाकिटात, कोणी हार घालून देव्हाऱ्याशेजारी. मग रंगीत आलं. बारामतीला मशीन आली, एका तासात छत्तीस फोटो, लाल म्हणजे लाल आणि हिरवं म्हणजे हिरवं. लोकांनी काळ्या-पांढऱ्याकडं पाठ फिरवली. महिपतीनंही फिरवली. तो रोल बारामतीला पाठवू लागला आणि स्वतः व्हिडिओ शूटिंगच्या मागं लागला. डार्करूममध्ये कॅसेटींचे खोके आले, मग ट्यूबलाइटचे स्टँड आले आणि शेवटी कांद्याची पोती आली. आमचा डबा माळ्यावर गेला, वर पत्रा. "असू दे, कवा लागला तर," म्हणाला. लागेल तेव्हा काय? आम्ही काय लोणचं आहोत, मुरत ठेवायला? फोटोचा कागद म्हातारा झाला की मंद होतो. उजेड त्याला उशिरा कळतो आणि पांढरेपणाही जातो, सगळ्या अंगावर राख बसल्यासारखं होतं. इंदापूरचे चार उन्हाळे त्या पत्र्याखाली काढून बघा म्हणजे कळेल.

पण उन्हाळ्यांनी आमचा जीव घेतला नाही. जीव घेतला तो आमच्या पूजेनं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीत आहे. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो. महिपती कॅमेरा, एनलार्जरचं भिंग, औषधाचे ट्रे आणि आमचा डबा पाटावर मांडायचा. डबा बंदच असायचा, झाकणावर कुंकवाचं एक बोट, की झालं. १९९६ साली मात्र तो नवरात्रातल्या कुठल्याशा कार्यक्रमाच्या शूटिंगला बारामतीत अडकला. पूजा त्याच्या बायकोनं, म्हाळसानं केली.

म्हाळसा भोळी आणि भाविक. सकाळी डोक्यावरून अंघोळ करून ती दुकानात आली. सगळं मांडलं आणि आमच्या डब्यापाशी थांबली. मग मोठ्यानं म्हणाली, "डब्याला कुकू लावून काय उपेग? आतल्या कागदानंच तर आमाला जगवलं. लक्ष्मी आत, आन् कुकू भाईर?"

तिनं चिकटपट्टी काढली. काळं पाकीट उलगडलं. अहो, मी आतून केवढा ओरडलो! पण कागदाचं ओरडणं कोणाला ऐकू जातंय? तिनं आम्हा साठ जणांची चळत बाहेर काढून भर उजेडात पाटावर ठेवली. सगळ्यात वरच्या भावाच्या अंगावर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि बाजूला समई लावली. वर आणखी रीत अशी, की पूजेतली वस्तू दसऱ्याच्या आरतीशिवाय हलवायची नाही. म्हणजे तो आख्खा दिवस, समईच्या उजेडातली ती रात्र आणि दसऱ्याची सकाळ आम्ही तसेच पडून.

वरचा भाऊ वांग्याच्या रंगाचा झाला. आम्ही खालचे एकमेकांना घट्ट चिकटून होतो, म्हणून आमची मधली अंगं वाचली. पण उजेड कडांनी आत आला. दाराच्या फटीतून थंडी यावी तसा, गुपचूप, दोन-दोन बोटं. बाहेरून बघाल तर काही कळणार नाही. ते कळतं औषधाच्या पाण्यात पडल्यावर.

दसऱ्याला म्हाळसानं आम्हाला उचललं, काळ्या पाकिटात घातलं, होतं तसंच दोनदा दुमडलं, नवी चिकटपट्टी लावली आणि डब्याला हात जोडले. नवऱ्याला काही सांगितलं नाही. लपवलं नाही बरं, तिच्या लेखी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. मला तिचा राग करता येत नाही आणि त्याचीच मला जास्त चीड येते. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण महिपतीनं तिला डार्करूमच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. "बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं!" असं म्हणायचा. सांगितल्याशिवाय कोणाला कळतं, सांगा बरं?

पुढच्या माघात ज्योत्स्ना दुकानात आली. बरोबर तिचे वडील होते, नाना. माणसं अंथुर्ण्याची, बौद्ध समाजातली. नाना गावात सगळ्यांच्या मानातले, तरी त्या दिवशी मान खाली घालून बसले होते. बोलली ती ज्योत्स्नाच.

१९८९ साली तिचं लग्न अंथुर्ण्याच्या विहारापुढं झालं होतं. नवरा सणसरचा, समाधान नावाचा. फोटो महिपतीनंच काढले होते. पुढं समाधान लोणी देवकरला कारखान्यात लागला आणि तिथं त्यानं दुसरा संसार थाटला. ज्योत्स्नाला कडेवरच्या लेकीसकट माहेरी आणून सोडलं. ती कोर्टात गेली, तर त्यानं लिहून दिलं, की ही बाई माझी बायको नव्हेच, आमचं लग्न कधी झालेलंच नाही! लग्नाचा दाखला आणि फोटोंचा अल्बम सासरच्या ट्रंकेत होता. दोन्ही चुलीत गेलं. ज्यांनी लग्न लावलं ते बौद्धाचार्य वारले. सणसरची माणसं घरात बसून "व्हय, झालं व्हतं की" म्हणायची, पण कोर्टाचं नाव काढलं की "आमाला मधी घालू नका." आणि अंथुर्ण्याची माणसं म्हणजे पोरीकडची, त्यांचं कोण ऐकतो?

"भाऊ, मला त्याच्या घरात जायाचं न्हाय," ज्योत्स्ना म्हणाली. "त्याचं तोंड बी बघायचं न्हाय. पर मी लगीन लावून गेले व्हते. माझी इशाखा लग्नाची लेक हाय. लोकं मला काय काय म्हणत्यात, तुमाला सांगायला लाज वाटती. एवढं कोर्टानं म्हणू दे, की लगीन झालं व्हतं. बाकी मला काय नको."

महिपतीनं जुनी पाकिटं उपसली. अंथुर्ण्याच्या लग्नाचा रोल सापडला, पण सात पावसाळ्यांच्या ओलीनं निगेटिव्ह एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. एकच शाबूत निघाली. त्यानं ती खिडकीपुढं धरली, आणि काय सांगू, तीत सगळं होतं. पांढऱ्या कपड्यांतले नवरा-नवरी, गळ्यात हार, मागं बुद्धाची मूर्ती, पेटलेल्या मेणबत्त्या आणि दोन्ही बाजूंना समाधानचे आई-बाप, जोडप्याच्या डोक्यावर फुलं टाकताना. ज्योत्स्नाला रडू आवरेना. नानांनी पहिल्यांदा मान वर केली.

"महिपतराव," नाना म्हणाले, "वकीलबाई म्हणत्यात, निगेटिव आमच्याकडं द्या. पुण्यात आजून काळापांढरा फोटो करत्यात. तारखंला पंधरा दिवस हायेत."

झालं! महिपतीच्या शेपटीवर पाय पडला. "पुण्याला? का म्हणून? माझं हात मोडलं का काय? नाना, माझ्याकडं कागद हाय. अस्सल, जुना, आता कुठं मिळायचा न्हाय असला. मी काढल्याला फोटो मीच करनार. तारखंआधी तुमच्या हातात."

माळ्यावरून मी ऐकत होतो. मला सांगता आलं असतं तर पहिलं वाक्य हेच सांगितलं असतं, की नाना, निगेटिव्ह घ्या आणि पुण्याची गाडी धरा.

पंधरा दिवस. लग्नसराई ऐन भरात, महिपतीचं रोज कुठं ना कुठं शूटिंग. ज्योत्स्ना दोनदा एसटीनं येऊन गेली. "उद्या करतो, ताई. दोन मिनिटांचं काम हाय," हे ठरलेलं उत्तर. त्यानं ना आमचा डबा उघडून बघितला, ना एक तुकडा करून बघितला. करता करता तारीख उद्यावर आली.

त्या दिवशी दुपारी त्यानं कांद्याची पोती बाहेर काढली, फटींना फडकी लावली, लाल दिवा लावला आणि चार वर्षांनी आमच्या डब्यात हात घातला. ज्योत्स्ना बाहेर बाकावर बसली होती. पहिला कागद काढताना त्याच्या बोटाला काहीतरी रवाळ लागलं. लाल उजेडात कुंकू दिसत नाही. त्यानं बोट विजारीला पुसलं आणि कामाला लागला.

पहिला कागद औषधात पडला आणि कोळसा झाला. दुसरा करपला. तिसऱ्याच्या कडा काळ्या आणि मधे राखाडी. महिपतीनं पाकीट दुमडून डबा बंद केला. मग मागच्या दारातून म्हाळसाला हाक मारली. "डबा कुणी उघडला व्हता?"

"मी," म्हाळसा म्हणाली. कौतुकानंच म्हणाली. "खंडेनवमीला. आतल्या कागदाचीच पूजा केली बगा औंदा."

तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "कुणाला बोलू नको."

पण यानंतर त्यानं जे केलं ना मित्रांनो, ते मात्र उस्तादाचं काम होतं. वैर असलं तरी गुण मान्य करावा लागतो. त्यानं औषधात पोटॅशियम ब्रोमाइडची चिमूट टाकली, म्हणजे म्हाताऱ्या कागदाची राख कमी उठते. चळतीच्या मधले कागद निवडले. आधी आख्खा फोटो मधल्या चांगल्या जागेत बसवून पाहिला. बसला, पण माणसं तांदळाच्या दाण्याएवढी आली आणि त्या राखाडीत कोण कोणाचा, काही ओळखू येईना. वकीलबाईंनी तर बजावलं होतं, नवऱ्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे. मग त्यानं दोन चेहरे मोठे केले. बाकीचं सगळं, म्हणजे मूर्ती, मेणबत्त्या, सासू-सासरे, काळ्या कडांखाली गेलं.

आणि कागद मंद झालेले! पूर्वी दहा सेकंदांत व्हायचं, तिथं मिनिटभरानंही काही उमटेना. त्यानं एनलार्जरमध्ये दोनशेचा बल्ब लावला. एकेक करत माझी भावंडं संपली. कोणी फिकं, कोणी मळकट. फाडून फाडून पायाशी ढीग झाला. शेवटी राहिलो मी.

माझ्यावर त्यानं तीन मिनिटं उजेड धरला. तिसऱ्या मिनिटाला करपल्याचा वास आला. त्यानं धडपडून निगेटिव्ह बाहेर ओढली, पण ती बल्बच्या धगीनं फुगून, मधोमध पोळून गेली होती. सात पावसाळ्यांतून वाचलेली एकुलती एक निगेटिव्ह माझ्यापायी गेली. मी औषधात पडलो आणि माझ्या अंगावर हळूहळू ज्योत्स्ना आली, मग समाधान आला. चेहरे चांगले आले. भोवती काळंकुट्ट.

फोटो पक्का करायच्या औषधातून काढून त्यानं मला घाईघाईत धुतलं. जितकं धुवायला हवं त्याच्या निम्मंही नाही. मग दिवा लावून माझ्याकडं बघत बसला. सवयीनं त्याची बोटं मला फाडायला वर गेली आणि तिथंच थांबली. फाडणार काय, दुसरं होतं काय त्याच्याकडं?

बाहेर येऊन तो ज्योत्स्नाला म्हणाला, "घ्या. काळी बॉर्डर दिलीया, चेहरं कसं उठून दिसत्यात बगा."

"बाकीची मान्सं कुठं गेली, भाऊ? आन् मूर्ती?"

"चेहरा म्हत्त्वाचा, ताई. कोर्टाला चेहरा पायजे."

तिनं विश्वास ठेवला. नामांकित माणूस, वर तिच्या लग्नातला. ती "लई उपकार झालं" म्हणाली आणि मला पदरानं पुसून पिशवीत घालून घेऊन गेली. पोळलेली निगेटिव्ह महिपतीच्या खिशात होती. तिच्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात गेलो. समाधानच्या बाजूनं हिंदुराव वकील होते. मला वाटलं होतं, समाधान म्हणेल, हा मी नव्हेच. पण तो मला हातात घेऊन हसला. "मीच हाय की," म्हणाला. "पर हे लगीन न्हाय. अंथुर्ण्याला एका कार्यक्रमात आमचा समद्यांचा सत्कार झाला, तवाचं हार हायेत हे. शेजारी बाकीची मान्सं उभी व्हती. ती ह्यांनी काळी करून टाकली."

मग महिपती साक्षीला उभा राहिला. कोर्टात गर्दी होती. त्यातल्या निम्म्यांच्या घरी महिपतीच्या हातचे फोटो होते. स्टँडवरचे दोघे रंगीत स्टुडिओवालेही मजा बघायला आले होते. वकीलबाईंनी विचारलं, त्याचं त्यानं नीट सांगितलं. लग्न झालं, मी हजर होतो, फोटो मी काढला. ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर रंग आला. मग हिंदुराव उठले.

"या फोटोत लग्न कुठं दिसतंय, दाखवा बरं."

महिपतीनं गळ्यातल्या हारांवर बोट ठेवलं.

"कडा काळ्या कशानं झाल्या? कागद खराब होता काय तुमचा?"

मित्रांनो, वैऱ्यानं स्वतः उत्तर ताटात वाढून पुढं केलं होतं. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. व्हय साहेब, कागद खराब झाला, माझ्या घरच्या माणसाकडून पूजेत उजेड लागला, निगेटिव्ह माझ्या हातनं पोळली, ही घ्या, पण मी तीत सगळं बघितलं होतं. पोळलेली का होईना, निगेटिव्ह खिशातच होती. लोक हसले असते. दोन दिवस हसले असते आणि विसरले असते.

महिपतीनं मागं वळून त्या दोन स्टुडिओवाल्यांकडं बघितलं. मग छाती पुढं काढली. "माझ्या दुकानात खराब कागद नसतोय, वकीलसाहेब. ती बॉर्डर हाय. मी मुद्दाम दिलीया."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. माझ्या हातनं चुकून कायबी व्हत न्हाय."

"म्हणजे आजूबाजूला जे काही होतं, ते तुम्ही जाणूनबुजून काळं केलंत. आता निगेटिव्ह द्या, म्हणजे काय झाकलंय ते बघू."

"ती... ती न्हाय ऱ्हायली. जळाली."

"तीही मुद्दाम का?"

कोर्ट हसलं. ज्या हसण्याला तो भ्याला, ते आलंच. पण हसण्याचं काय एवढं? न्यायाधीशांनी मला टेबलावर पालथं ठेवलं आणि काहीतरी लिहून घेतलं. ज्योत्स्नाचं सगळं तिथंच गेलं.

पायरीवर तिनं महिपतीला गाठलं. आवाज चढवला नाही. "भाऊ, कागद खराब व्हता का?"

"व्हय," महिपती म्हणाला. तिथं कोणी नव्हतं ना, मग लगेच जमलं. पूजेचं, बल्बचं, सगळं सांगितलं. खिशातून निगेटिव्ह काढून दाखवली.

"मग आत एवढंच सांगायचं व्हतं की. कागद खराब झाला ह्याचं मला कायबी न्हाय. मान्साकडनं व्हतं. पर तुमी मला का वो खराब केलं?"

हे कळल्यावर वकीलबाई म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही. पुढच्या तारखेला अर्ज देऊ, महिपतींनी येऊन खरं काय ते सांगावं. महिपतीनं नानांचे दोन्ही हात धरले. "येतो की, नाना! का न्हाय येनार? पयला येऊन बसतो बगा."

पुढची तारीख आली. ज्योत्स्ना आणि नाना दिवसभर दाराकडं डोळे लावून बसले. महिपती बारामतीला शूटिंगला गेला होता. त्याच्या पुढच्या तारखेला तो आजारी पडला. एकदा नाना दुकानात गेले, तर म्हाळसा बाहेर आली आणि रडत म्हणाली, "नाना, माज्यामुळं झालं समदं. मी येऊन सांगू का कोर्टात?" आतून महिपती खेकसला, "तू गप बस!" महिन्याभरात निकाल लागला. लग्न झाल्याचा पुरावा नाही.

सणसरात त्या दिवशी समाधानच्या लोकांनी पेढे वाटले म्हणे. अंथुर्ण्यात ज्योत्स्ना आठ दिवस पाण्याच्या टाकीवर गेली नाही, शेजारणी पाणी आणून देत होत्या. नानांनी चारचौघांत बसणं सोडलं. महिपतीचं दुकान जोरात चालू आहे. त्यानं फोटोला काळी बॉर्डर द्यायची फॅशन काढली म्हणून काही जणांनी तसे रंगीत फोटोसुद्धा करून नेले. घ्या!

कोर्टाच्या फायलीतून मी वर्षानं परत आलो, कोपऱ्याला भोक पडलेलं. ज्योत्स्नानं मला फेकलं नाही. लोखंडी पेटीत, विशाखाच्या शाळेच्या कागदांबरोबर ठेवलं. पण मला अर्धवट धुतलेलं आहे. औषध अंगातच राहिलंय आणि ते मला आतून खातंय. मी पिवळा पडत चाललोय. आणखी काही वर्षांत चेहरेही जातील. काळ्या कडा तेवढ्या राहतील, त्यांना काही होत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी हात जोडून सांगायचं असतं, की वस्तू जपा. मी नाही सांगत. मला जपलंच होतं की! माळ्यावर जपलं, पाटावर पुजलं. मी सांगतो ते एवढंच. वस्तूचे दिवस आहेत तोवर ती वापरा. तुम्हाला जे कळतं, ते घरच्या माणसाला सांगून ठेवा. आणि हातून काही बिघडलं, तर चार लोकांत, मोठ्यानं, बिघडलं म्हणा. तुमची अब्रू जाईल एवढंच ना? जाऊ द्या की. दुसऱ्याची तरी राहील.

परवा विशाखानं पेटी उघडून मला बाहेर काढलं. आता ती आठ वर्षांची आहे. माझ्या काळ्या कडेवर बोट ठेवून तिनं आईला विचारलं, "आई, ह्या काळ्यात कोण हाय?"

ज्योत्स्ना भाकरी थापत होती. हात पुसून ती शेजारी येऊन बसली. "हितं तुझी सणसरची आजी," तिनं बोटानं दाखवलं, "फुलं टाकतीया. ह्या अंगाला आजोबा. ह्या वरच्या काळ्यात मूर्ती हाय, आन् खाली मेणबत्त्या. वाऱ्यानं सारख्या इजत व्हत्या, तुझं नाना काड्या वडत बसलं व्हतं."

पोरीनं एकेका जागेवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "आन् फोटु काढणारा? त्यो कुठं उभा व्हता?"

"समोर," ज्योत्स्ना म्हणाली. "आमच्या तोंडाम्होरं. समदं त्याच्याच डोळ्यादेखत झालं."